माजूर कोण?

रमजानचा महिना होता. आमच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मांडवात व्यासपीठ, व्यासपीठावर पंधरा खुर्च्या आणि त्यांवर शहरातली पंधरा मोठी माणसे. खाली एका रांगेत अकरा कोऱ्या व्हीलचेअर. कुणा दानशूराने जकातीच्या पैशातून त्या आणल्या होत्या. सूत्रसंचालन आमच्याकडे होते, कारण उर्दू शाळेतल्या मास्तरांना चार शेर पाठ असतात असा सर्वांचा समज असतो. आम्ही एकेक नाव पुकारत होतो, एकेकाला पुढे आणले जात होते आणि पाहुणे खुर्चीच्या दांड्याला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहत होते. दोन तास भाषणे झाली. अकरांपैकी एकाच्याही हाती माईक दिला गेला नाही. द्यावा, असे आम्हालाही सुचले नाही.

कार्यक्रम संपता संपता असरची अजान झाली. सगळे शेजारच्या मशिदीकडे निघाले. त्या अकरांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. नव्या खुर्चीत बसून तोही निघाला आणि मशिदीच्या दाराशी येऊन थांबला. दाराला तीन पायऱ्या होत्या. ज्यांनी त्याला खुर्ची दिली, ते त्याच्या शेजारीच चपला काढून आत गेले. दोघांनी त्याला उचलून नेण्याची तयारी दाखवली. तो म्हणाला, "रहने दो सर, घरपेच पढ लेता मैं." आणि खुर्ची वळवून निघून गेला.

आम्हाला सवाब मिळाला, त्याला खुर्ची मिळाली. मशिदीची जमात मात्र त्याला मिळाली नाही. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

उर्दूत अपंगाला 'माजूर' म्हणतात. हा शब्द 'उज्र' या शब्दापासून आला. उज्र म्हणजे सबब, अडचण. माजूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली आहे, ज्याला माफी आहे असा. शब्द मूळचा मायेचा आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवे होऊन नमाज पढण्याची मुभा या मायेतूनच आली आहे. पण आम्ही काय केले? माफी त्याला होती, ती आम्ही आमच्या नावावर करून घेतली. तो मशिदीत आला नाही तरी त्याला गुन्हा नाही, म्हणून पायरी तशीच ठेवली. तो शाळेत आला नाही तरी कुणी विचारत नाही, म्हणून वर्ग वरच्या मजल्यावर नेला. त्याच्याकडून काम होणार नाही असे आम्हीच ठरवले, म्हणून त्याला कामावर घेतले नाही. सबब त्याची आणि सुटका आमची! मग खरा माजूर कोण? मराठीत पूर्वी 'अपंग' म्हणत, २०१५ पासून सरकारदरबारी 'दिव्यांग' म्हणू लागले. पाटीवरचे नाव बदलले. पाटीखालची पायरी बदलली नाही.

दुसऱ्यांवर बोट रोखण्याआधी आमचा कबुलीजबाब देतो. तो मुलगा सेरेब्रल पाल्सीचा. पायांत जोर नाही, बोलणे थोडे अडखळते, पण गणित पक्के. सातवीपर्यंत त्याचा वर्ग तळमजल्यावर होता. आई त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणी आणि बाकावर बसवून विड्या वळायला घरी जाई. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. वर्षभर त्या बाईने त्याला पाठुंगळी मारून वर नेले. नववीत तो उंच झाला, जड झाला. तिची कंबर गेली आणि त्याची शाळा गेली.

त्याचे वर्गशिक्षक आम्ही होतो. हजेरीपटावर आम्ही 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला. खोटा नव्हता तो, पण खराही नव्हता. त्या वेळी तळमजल्यावर एक खोली मोडक्या बाकांनी भरलेली होती. ती रिकामी करून नववीचा वर्ग खाली आणायला अर्धा दिवस लागला असता. एक पैसा लागला नसता. शिक्षकांच्या बैठकीत हा विषय कुणी काढला नाही, आम्हीही नाही. बी.एड.ला आम्ही विशेष गरजा असलेल्या मुलांचा अभ्यास केला होता. त्यावर चांगले गुण मिळवले होते. ते ज्ञान उत्तरपत्रिकेतच राहिले.

आणखी एक सांगतो. उर्दू लिपीत बे, पे, ते, से ही अक्षरे एकाच होडीसारख्या आकाराची. फरक फक्त नुक्त्यांचा. कुठे एक खाली, कुठे तीन खाली, कुठे दोन वर, कुठे तीन वर. ज्या मुलाची नजर अधू आहे, त्याला फळ्यावरचा नुक्ता दिसतच नाही. तो 'बाप'चा 'ताब' वाचतो आणि वर्ग हसतो. ज्याला कमी ऐकू येते तो मागच्या बाकावर बसून 'मठ्ठ' ठरतो. ज्याला अक्षरांची ओळखच पक्की होत नाही तो 'कामचोर' ठरतो. अशा किती मुलांना आम्ही उभे केले, किती जणांचे कान पिळले, याचा हिशेब आमच्याकडे नाही. कयामतच्या दिवशी तो मांडला जाईल, याची भीती मात्र आहे.

यानंतर आमच्या शाळेत रॅम्प झाला. तो मुलांसाठी झाला नाही, अर्जासाठी झाला. यू-डायसच्या अर्जात रॅम्प आहे का, कठडा आहे का, असे रकाने असतात. तिथे 'होय' लिहिता यावे म्हणून गवंडी बोलावला. आता याचे गणित साधे आहे, पाचवीच्या मुलालाही येईल. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो. म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. आमच्या शाळेचा जोता दीड फूट उंच. रॅम्प अठरा फूट हवा. बांधला पाच फूट! त्यावरून खुर्ची वर चढत नाही आणि उतरताना माणसासकट कोलमडते. मुले त्याची घसरगुंडी करतात. कागदावर मात्र आमची शाळा 'सुगम्य' आहे.

कायदा काय सांगतो, ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९५ साली अपंगांसाठी पहिला कायदा झाला. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारावर २००७ साली शिक्कामोर्तब केले. त्या अनुषंगाने २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासनमान्य वा अनुदानित प्रत्येक शाळेने अशा मुलाला प्रवेश द्यावा, इमारत त्याला वापरता येईल अशी करावी, त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असे हा कायदा बजावतो. म्हणजे त्या नववीच्या मुलासाठी वर्ग खाली आणणे हा आमचा मोठेपणा ठरला नसता. ते आमचे कर्तव्य होते. ते आम्ही चुकवले.

आणि इथे आपल्या लोकांनी कान टवकारावेत. याच कायद्यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणावे, हे लिहिले आहे. सरकारी असो वा खासगी, लोक जिथे ये-जा करतात ती सार्वजनिक इमारत. शाळा, कामाची जागा, दुकान, दवाखाना, बसस्थानक यांच्याबरोबर धार्मिक कारणासाठी वापरली जाणारी इमारतही त्यात आहे. म्हणजे मशीद, दर्गा, मदरसा, जमातखाना हे सारे आले. जुन्या इमारती दुरुस्त करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ साली आले, मुदत २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे ठेवू नका, बंधनकारक करा. सरकार आपल्या गतीने चालेल. पण आमची मशीद बांधायला आम्ही सरकारची वाट पाहिली होती काय?

कुणी म्हणेल, मास्तर, धर्मात कायदा कशाला आणता? ठीक आहे, कायदा बाजूला ठेवू. धर्माकडेच जाऊ.

कुरआनातील ऐंशीवी सूरह 'अबस'. बहुतेक भाष्यकार तिच्यामागची हकिकत अशी सांगतात. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. हे मोठे लोक दीनकडे वळले तर अनेकांचे भले होईल, ही तळमळ होती. तेवढ्यात अंध असलेले हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) आले आणि मध्येच काही विचारू लागले. प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. त्यावर अल्लाहने प्रत्यक्ष आपल्या प्रेषितांना जाब विचारला. जो बेपर्वा आहे त्याच्याकडे लक्ष आणि जो धडपडत तुमच्यापर्यंत आला त्याच्याकडे दुर्लक्ष? अंध माणसाला ती आठी दिसलीही नव्हती. तरीही ती कयामतपर्यंत वाचली जाईल अशा रीतीने नोंदवली गेली.

पुढे काय झाले, तेही पाहा. इब्ने उम्मे मक्तूमना कुणी खैरात देऊन घरी बसवले नाही. मदिनेत हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर ते मुअज्जिन झाले. प्रेषित मोहिमेवर जात तेव्हा मदिनेत त्यांच्या जागी नमाज पढवण्याची जबाबदारी अनेकदा याच अंध सहाबींवर असे. चौदाशे वर्षांपूर्वी एका अंध माणसाला काम मिळाले, पद मिळाले, विश्वास मिळाला. आज आमच्या शहरात किती मशिदींचे मुअज्जिन अंध आहेत? किती विश्वस्त मंडळांत एखादा अपंग सभासद आहे?

आणि तो रमजानचा मांडव पुन्हा आठवा. व्यासपीठावर सरदार, खाली माजूर. आम्ही निवेदक कुणाकडे तोंड करून उभे होतो? सूरह अबस आम्ही मुलांकडून तोंडपाठ करून घेतो. आमचे तोंड मात्र अजूनही कुरैशच्या सरदारांकडेच आहे.

आता नेहमीच्या सबबी ऐकू. पहिली, 'अल्लाहची मर्जी, सब्र करा.' अपंगत्व अल्लाहची मर्जी असेल. पायरी मात्र गवंड्याने बांधली आहे आणि त्याला मजुरी आमच्या विश्वस्तांनी दिली आहे. सब्र ज्याने करायचा तो करतोच आहे. त्याचा उपदेश देण्याचा अधिकार पायरी बांधणाऱ्यांना नाही.

दुसरी सबब, 'असे लोक आहेत तरी किती? आमच्या मशिदीत तर कुणी येत नाही.' २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातले साडेएकोणतीस लाखांहून अधिक. ते आपल्या मोहल्ल्यांतही आहेत, आतल्या खोलीत आहेत. मुलगी असेल तर आणखी आतल्या खोलीत. धाकट्या बहिणीचे लग्न मोडू नये म्हणून थोरलीला पाहुण्यांपासून लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पायरी आहे म्हणून ते येत नाहीत आणि ते येत नाहीत म्हणून पायरी आहे. या चक्रातून त्यांनी बाहेर पडायचे की आपण?

तिसरी सबब पैशाची. मशिदीला संगमरवर लावताना, मिनारावर रोषणाई करताना पैसा कधी कमी पडला नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मागच्या काही वर्षांत मशिदींत खुर्च्या आल्या. खुर्चीवर नमाज कुणी आणि कशी पढावी, यावर मौलवींत चर्चा झाली, मतभेद झाले, पण खुर्च्या आल्या. का आल्या? कारण विश्वस्तांचेच गुडघे दुखू लागले. ज्याचे दुखते त्याच्या हाती कारभार असला की मार्ग निघतो. म्हणून कारभारात अपंग माणूस हवा. वजूखान्यातला नळ कुठल्या उंचीवर हवा, बैठकीला हात धरायला दांडा कुठे हवा, हे तो पाच मिनिटांत सांगेल.

चौथी सबब, 'हे सरकारचे काम आहे.' इथे आमची दुटप्पी वागणूक उघडी पडते. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. तेव्हापासून प्रत्येक परिसंवादात आम्ही तो उंचावून दाखवतो आणि विचारतो, की मुसलमान नोकरीत का दिसत नाही, शाळेत का टिकत नाही? आम्ही म्हणतो, कायद्याने दार बंद नाही हे खरे, पण दार उघडेही नाही. आमची तक्रार खरीच आहे. मग हाच प्रश्न आमच्यातल्या अपंगाने आम्हाला विचारला तर? तुमच्या शाळेत मी का टिकलो नाही? तुमच्या कारखान्यात मी का दिसत नाही? जे उत्तर सरकार आम्हाला देते, तेच शब्दशः आम्ही त्याला देतो. बहुसंख्याकांकडून न्याय मागणाऱ्यांनी आपल्या घरातल्या अल्पसंख्याकाला तरी न्याय द्यायला नको काय?

कामाचा विषय निघाला म्हणून आमच्या सोलापूरचे सांगतो. चादरी आणि टॉवेलांचे हे गाव. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्याचे कान जातात. उडालेला धोटा डोळ्याला लागतो, पट्ट्यात बोटे सापडतात. म्हणजे अपंगत्व फक्त जन्माने येत नाही, ते आमच्या कारखान्यांतही तयार होते. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, असे कायदा सांगतो. मागावरच्या कामगाराला हे संरक्षण कुठले? मालक त्याला दवाखान्याचा खर्च देतो, ईदला एक जोडी कपडे देतो आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करतो. मालक दुष्ट नसतो. त्याला वाटते, आपण फर्ज पार पाडला. पण एक डोळा गेलेला माणूस घड्या घालू शकत नाही? पाय गेलेला माणूस बसून कांड्या भरू शकत नाही, हिशेब ठेवू शकत नाही? ज्याला ऐकू येत नाही त्याला खुणेने सांगता येत नाही? वीस वर्षे ज्याने तुमचा माग चालवला, त्याला जकातीच्या यादीत टाकून तुम्ही त्याची मजुरी हिरावून घेता. देणारा हात वरचा असतो हे खरे. पण त्याचा हातही वरचा होऊ द्या की!

एस.टी.चेच पाहा. अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सवलत चांगलीच आहे. पण बसची पहिली पायरीच ज्याला चढता येत नाही, त्याने त्या सवलतीचे काय करायचे? सरकारची सवलत आणि आमची खैरात, दोन्ही एकाच वृत्तीच्या. पैसे देऊन मोकळे व्हायचे, वाट मात्र करून द्यायची नाही.

शेवटी आपल्या, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या दारातली पायरी. अंध तरुण आता मोबाइलवर पुस्तके ऐकतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय फोनमध्येच असते. ती मराठी वाचते, उर्दूही वाचते. पण आमची उर्दू पुस्तके इनपेजमध्ये जुळवलेली आणि मग चित्र म्हणून चढवलेली. चित्रातले अक्षर फोनला सहज वाचता येत नाही. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर तर तो काहीच्या बाही वाचतो. युनिकोडमध्ये पुस्तक दिले की ही अडचण बरीचशी संपते. अपंगांसाठी सुलभ रूपात पुस्तक करून द्यायला २०१२ पासून कॉपीराइट कायद्याचीही आडकाठी नाही. मुशायऱ्यात 'नाबीना' शायराच्या शेराला आम्ही दाद देतो. त्याला आमचे पुस्तक वाचता येईल का, हे विचारत नाही.

आम्ही फार मोठे काही मागत नाही. या ईदला प्रत्येकाने हाती एक मोजपट्टी घ्यावी. आपल्या मशिदीच्या, शाळेच्या, दुकानाच्या दारातली पायरी मोजावी. जितके फूट उंची तितक्यांदा बारा, हे गणित मांडावे आणि विश्वस्तांसमोर ठेवावे. ज्या वर्गात चालता न येणारे मूल आहे तो वर्ग जून महिन्यातच तळमजल्यावर आणावा. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्ड काढून देण्यात घालवावा. ते नसल्याने दहावीच्या परीक्षेतला लेखनिक आणि जादा वेळ यांसारख्या हक्काच्या सवलती हुकतात. जुम्याच्या खुत्ब्यात खतीबसाहेबांनी एकदा इब्ने उम्मे मक्तूमांची हकिकत सांगावी आणि सांगून झाल्यावर स्वतःच्या मशिदीच्या दाराकडे पाहावे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतली ती मोडक्या बाकांची खोली आम्ही काही शिक्षकांनी रिकामी केली. अर्धा दिवसही लागला नाही. आता तिथे नववीचा वर्ग भरतो आणि त्यात कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. ज्याच्यासाठी हे करायला हवे होते तो मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे, घरासमोर गोळ्या-बिस्किटांचे दुकान चालवतो. त्याला आम्ही ही गोष्ट सांगायला गेलो. तो हसला, म्हणाला, "अच्छा किया सर." मग थोडे थांबून त्याने विचारले, "और मस्जिद का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वाचकहो, तुमच्याकडे आहे काय?